पथ्य सांगितलं, ताट कोण देणार?

पोटाच्या दुखण्याला औषध कमी आणि पथ्य जास्त, असं आपल्याकडे म्हणतात. डॉक्टरही तेच सांगतात आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. कुणाला गहू सोसत नाही, कुणाला दूध, कुणाचं पोट कांदा-लसूण खाल्ला की फुगून येतं. नेमकं काय सोसत नाही ते शोधून टाळलं, तर वर्षानुवर्षांचे जुलाब थांबतात, पोटातला मुरडा जातो, अंगात रक्त भरतं. हे शास्त्र खरं आहे आणि माझं त्याच्याशी भांडण नाही.

माझं भांडण आहे ते त्यामागच्या गृहीताशी. पथ्य सांगणारा प्रत्येक जण असं धरून चालतो, की आजारी माणसाचं ताट आजारी माणसाच्या हातात असतं. पुरुषाच्या बाबतीत हे जवळजवळ खरं ठरतं. बाईच्या बाबतीत मात्र ते साफ खोटं ठरतं. ती दोन्ही वेळचा स्वयंपाक स्वतः करत असली, घरातला डबा न् डबा तिच्या हाताखालचा असला, तरीही खोटं ठरतं. चूल तिच्या हातात असते, ताट नसतं.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली बारा वर्षं मी वस्त्यांमधून आणि खेड्यांमधून बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. सल्ला केंद्रावर बाई येते ती नवऱ्याच्या मारहाणीची, पोटगीची, रेशनकार्डाची तक्रार घेऊन. तासभर बोलणं झालं की हळूच म्हणते, “ताई, आणि हे पोटाचं काय करू?” कुणाला दहा वर्षं आंबट ढेकरा येतात, कुणाला दर आठवड्याला जुलाब होतात, कुणी चार-चार दिवस परसाकडे जात नाही. हे दुखणं तिनं कुणाला सांगितलेलंच नसतं. सांगितलं असेल तर उत्तर ठरलेलं असतं: “तुला काय धाड भरलीय? दोन वेळा खातेस ना?”

एकाच घरातली दोन पोटं

एका घराची गोष्ट सांगते, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. नवऱ्याला पित्ताचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी तिखट-तेलकट बंद करायला, वेळेवर जेवायला आणि रात्री जेवल्याबरोबर आडवं न व्हायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं वेळापत्रक बदललं. त्याच्यासाठी वेगळी फिकी भाजी होऊ लागली. त्याला साडेसातला ताट लागतं म्हणून बायको कामावरून धावत येऊ लागली. मिरचीचा ठेचा ताटातून गेला, सगळ्यांच्याच. शेजारणींनी तिचं कौतुक केलं, “किती करते नवऱ्याचं!”

त्याच घरात तिला स्वतःला कित्येक वर्षांपासून चपाती खाल्ली की पोट फुगण्याचा आणि जुलाबाचा त्रास होता. तिनं एकदा आपल्यापुरती ज्वारीची भाकरी थापायला घेतली, तर सासू म्हणाली, “एका घरात दोन पीठं? नसती थेरं!” नवऱ्याची वेगळी भाजी हे पथ्य आणि बायकोची वेगळी भाकरी ही थेरं! याला मी भेदभाव म्हणते. तो मारहाणीसारखा दिसत नाही, त्याचा वळ उठत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही.

पथ्य हे कष्टाचं काम आहे, हेही इथं लक्षात घ्यायला हवं. निवडणं, वेगळं शिजवणं, वेगळं भांडं ठेवणं, बाजारात बघून आणणं, पाहुण्यांना समजावणं, हे सगळं कोण करतं? घरात आजारी कुणीही असो, डॉक्टरांचा कागद बाईच्या हातात येतो. मूल आजारी, तिच्या हातात. सासरा आजारी, तिच्या हातात. आणि ती स्वतः आजारी पडली, तरीही तिच्याच हातात. फरक एवढाच, की इतरांचं पथ्य पाळलं नाही तर तिला बोल लागतो आणि स्वतःचं पाळलं तरीही लागतो.

“डोक्यात आहे तुझ्या”

आता दवाखान्याकडे वळू. पोट दुखतं म्हणून गेलेल्या बाईला दोन उत्तरं मिळतात. पहिलं, “टेन्शन घेऊ नका.” दुसरं, “हे बंद करा, ते बंद करा.” दोन्ही उत्तरं द्यायला तपासावं लागत नाही.

या संदर्भात अल्सरचा इतिहास प्रत्येक गटानं माहीत करून घ्यावा. विसाव्या शतकात कित्येक दशकं पोटातल्या अल्सरचा दोष रोग्याच्या चिडक्या स्वभावावर आणि तिखट खाण्यावर टाकला जात होता. अमेरिकेत १९१५ साली सिप्पी नावाच्या डॉक्टरांनी दूध-सायीचं पथ्य सांगितलं आणि माणसं वर्षानुवर्षं दूध पीत राहिली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी अशा रोग्यांच्या जठरातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली ते जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि ते आजारी पडले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज या जंतूंवर प्रतिजैविकांची ठरावीक दिवसांची औषधयोजना आहे. म्हणजे ज्यांना आपण ‘स्वभाव बदला, मिरची सोडा’ असं सांगत होतो, त्यांतल्या असंख्य लोकांना औषधाची गरज होती!

ही गोष्ट झाली सगळ्या रोग्यांची. बाईच्या बाबतीत ‘डोक्यात आहे’ हे निदान आणखी लवकर होतं. शिवाय बाईचं पोट म्हटलं की डॉक्टरांना आधी पिशवीच दिसते. आपल्या भाषेतही ‘पोट दुखतं’ या दोन शब्दांत जठर, आतडं आणि गर्भाशय सगळंच येतं. नीट विचारायचं कष्ट कुणी घेत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. आतड्याच्या दुखण्याला गर्भाशयाचं दुखणं समजून पिशवी काढली गेली, तर दुखणं जागेवरच राहतं आणि बाई मात्र कायमची एक अवयव गमावून बसते.

म्हणून पहिली मागणी ही, की आधी निदान, मग पथ्य.

सिलिअॅकचंच उदाहरण घेऊ. गहू, जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअॅक आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. गव्हाशी याचा संबंध आहे हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिलं. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथं पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. उत्तर भारतात, जिथं रोजचं अन्नच गहू आहे, तिथं शंभरात एकाला हा आजार असल्याचं आढळलं आहे.

या आजारात प्रत्येकाला जुलाब होतातच असं नाही. काही जणींत तो फक्त रक्तक्षयाच्या रूपानं दिसतो. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही. हाडं ठिसूळ होतात, पाळी उशिरा येते, काहींना दिवस राहत नाहीत किंवा गर्भ टिकत नाही. आता विचार करा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींमध्ये रक्तक्षय आढळला. देशभरात बायकांत हे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांत २५ टक्के होतं. यांतल्या बहुतेकींना सिलिअॅक नाही, त्यांना पुरेसं अन्नच नाही. पण गोळ्या खाऊनही जिचं रक्त वाढत नाही, तिला “गोळ्या खात नसशील” असं म्हणण्याआधी तिचं पोट कोण तपासतं? आणि मूल होत नाही म्हणून जिला घराबाहेर काढलं जातं, तिच्या आतड्याचा विचार कोण करतं?

हा आजार ओळखायला रक्ताची तपासणी आहे, त्यानंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करतात. इथं एक गोष्ट प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला, तर आजार असूनही तपासणी ‘ठीक’ येऊ शकते. कितीतरी जणी कुणाच्या तरी सांगण्यावरून गहू सोडतात आणि मग निदान कायमचं हुकतं.

ताटातून वजाबाकीच का?

सगळ्यांनाच सिलिअॅक नसतो. बहुतेकींचा त्रास असतो तो ज्याला आयबीएस म्हणतात त्याचा. आतड्याला जखम नसते, पण ते फार हळवं झालेलं असतं. पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात या आजारासाठी फॉडमॅप नावाची आहारपद्धत तयार झाली. आतड्यात न शोषल्या जाणाऱ्या, आंबून वायू करणाऱ्या काही साखरा असतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, फ्लॉवर, सफरचंद यांत त्या जास्त असतात. हे पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद करायचे आणि मग एकेक परत सुरू करून आपल्याला नेमका कशाचा त्रास होतो ते शोधायचं.

या पद्धतीचा गाभा आहे तो ‘परत सुरू करणं’ हा. तोच आपल्याकडे गळून पडतो. बाईला ‘बंद करा’ची यादी मिळते, ‘सुरू करा’ची तारीख मिळत नाही. वर्षानुवर्षं ती यादी वाढत जाते. डाळ गेली, दूध गेलं, कांदा गेला, मग चहा आणि भात उरला. आधीच जिच्या वाट्याला शेवटचं आणि कमी येतं, तिच्या ताटातून अजून वजाबाकी! आणि बायका ती मुकाट्यानं करतातही. कारण खाणं सोडणं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. संकष्टी आहे, सोमवार आहे, नवरात्र आहे. दिवसभर चहा आणि रात्री साबुदाणा. पोट जळत असलं तरी उपास मोडायचा नाही आणि उपास मोडला नाही म्हणून कौतुक व्हायचं. बाईनं न खाणं हे आपल्या समाजात पुण्य आहे. पथ्यही मग त्याच पुण्यात जमा होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की पथ्यात एक वस्तू काढली तर तिच्या जागी दुसरी काय घालायची, हे सांगितल्याशिवाय ते पथ्य पुरं झालं असं मानू नये. दूध सोसत नाही? जगातल्या बहुसंख्य माणसांत बालपणानंतर दूध पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं. तो काही बाईचा दोष नाही. पुष्कळ जणींना दही-ताक सोसतं, कारण विरजणानं दुधातली साखर आधीच थोडी खाऊन टाकलेली असते. तिला दह्याची वाटी मिळाली पाहिजे, नाचणी-तीळ मिळाले पाहिजेत. लसणानं त्रास होतो? त्रास देणारी साखर तेलात उतरत नाही. तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या आणि त्या तेलाची फोडणी दिली, तर चव येते आणि पोट बिघडत नाही. अशा गोष्टी साध्या आहेत. पण त्या सांगायला डॉक्टरांना तिच्या स्वयंपाकघरात काय शिजतं हे विचारावं लागेल!

ते विचारत नाहीत, याचं एक कारण जातीतही आहे. छापील आहारतक्ता बघा. सकाळी दूध, मग फळ, दुपारी मुगाचं वरण, मऊ भात, साजूक तूप. हे कुणाचं स्वयंपाकघर आहे? आणि पोट बिघडलं की पहिला हुकूम सुटतो तो “अंडी-मटण-मासे बंद” असा. वास्तविक अंड्यात, मासळीत, मटणात ना ग्लुटेन असतं, ना दुधातली साखर, ना फॉडमॅप. झणझणीत तेलकट रस्सा सोसणार नाही, हे खरं. पण उकडलेलं अंडं आणि फिकं कालवण हे अशा कितीतरी आजारी बायकांसाठी सर्वांत सोयीचं, ताकद देणारं अन्न आहे. ते ‘तामसी’ म्हणून बंद करणं हे वैद्यक नव्हे, ते सोवळं आहे. बहुजन बाईला आपलं अन्न आपल्या आजाराचं कारण आहे असं पटवून द्यायचं आणि तिच्या ताटातलं तेवढं एकच प्रथिन काढून घ्यायचं, याला विरोध केला पाहिजे.

वेळ नाही, संडास नाही

“थोडं थोडं, दर तीन तासांनी खा, भरपूर पाणी प्या.” हा सल्ला सगळ्याच दवाखान्यांत मिळतो. घरकाम करणारी बाई सकाळी सहाला निघते, पाच घरची भांडी-कपडे करते आणि दुपारी तीनला परतते. मधे एका घरी कान तुटलेल्या कपात चहा मिळतो. तिनं तीन तासांनी कुठं बसून खायचं? आणि पाणी प्यायलं तर जायचं कुठं? ज्या घरचा संडास ती घासते, तो तिला वापरू देत नाहीत. बाजारात भाजी विकणारी, शेतावर खुरपायला जाणारी, कारखान्याच्या गेटबाहेर टपरी चालवणारी, सगळ्या जणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ होतं, मूळव्याध होते, लघवीची जळजळ होते. जुलाबाचा आजार असलेली बाई तर बाहेर पडायचं म्हणून सकाळपासून उपाशीच राहते.

मुंबईत बायकांच्या संघटनांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली, तेव्हा पुष्कळांना हसू आलं. पोटाचा आजार असलेल्या बाईला विचारा, यात हसण्यासारखं काय आहे ते. तिच्यासाठी स्वच्छ, फुकट, कडी लागणारा संडास हे औषध आहे. इसबगोलची पुडी लिहून देणाऱ्यानं ती पाण्याशिवाय घेता येत नाही आणि पाणी संडासाशिवाय पिता येत नाही, एवढं तरी समजून घ्यावं.

“हे श्रीमंतांचे चोचले आहेत”

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, “जिथं पोटभर मिळत नाही तिथं ग्लुटेनच्या काय गोष्टी करता? हे मॉलमधल्या बायकांचं फॅड.” फॅड आहेच. ‘ग्लुटेन फ्री’ असा शिक्का मारून बिस्किटाचा पुडा तिप्पट किमतीला विकणारा बाजार आहे. केसावरून, रक्ताच्या थेंबावरून शंभर पदार्थांची ‘असहिष्णुता’ शोधून देणाऱ्या तपासण्यांचाही धंदा जोरात आहे. यांतल्या आयजीजी नावाच्या तपासणीचा अन्न न सोसण्याच्या निदानाला उपयोग नाही, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच सांगितलं आहे. त्या तपासणीत पैसे घालवू नका.

पण फॅड आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही. आणि गंमत अशी, की गव्हाला पर्याय म्हणून मॉलमध्ये जे विकलं जातं, ते आपल्या आजीच्या परातीत होतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही. सोलापूर-मराठवाड्यातली कोरडवाहू बाई पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खात होती. मग १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेचा पी.एल. ४८० चा गहू आला, हरित क्रांतीचा गहू आला, रेशनवर गहू आणि तांदूळ आले. चपाती प्रतिष्ठेची झाली, भाकरी गरिबाची.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरडधान्य या तिन्हींचा उल्लेख आहे. दरही ठरवले होते, तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं. तेच २०२३ साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, मेजवान्या झाल्या, बाजरीला ‘श्री अन्न’ असं नाव मिळालं. पण रेशनच्या दुकानात बाईच्या पिशवीत वर्षभर, नेमानं ज्वारी पडते का? खुल्या बाजारात ज्वारी अनेकदा गव्हापेक्षा महाग असते. ज्या बाईला गहू विषासारखा आहे, तिनं फुकटचा गहू विकून महागाची ज्वारी घ्यायची. हे पथ्य तिला कसं परवडणार?

सिलिअॅक असलेल्या एका नवविवाहित मुलीला घेऊन तिची आई आमच्या केंद्रावर आली होती. लग्नाआधी आजार सांगितला नाही, ही फसवणूक, म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. “रोज भाकरी खायला आमच्यात काय दुष्काळ पडलाय का?” असं तिला ऐकवलं गेलं होतं. भाकरी खाऊन जी ठणठणीत राहू शकते, तिचा संसार चपातीवरून मोडतो आणि तरी हा प्रश्न खाजगी आहे असं कुणी म्हणत असेल, तर मला ते मान्य नाही.

गटांनी काय करावं

यातलं पुष्कळसं काम आपले गट करू शकतात. मी काही गोष्टी सुचवते. त्यांत भर घालावी.

१. ताटाची नोंद. गटातल्या प्रत्येकीनं सात दिवस लिहून ठेवावं किंवा लिहिता येणारीकडून लिहून घ्यावं. काय खाल्लं, किती वाजता, घरात कितवी जेवले, ताजं की शिळं, पाणी किती प्यायले, पोटाला काय झालं, संडास मिळाला का. डॉक्टरांनाही हीच नोंद हवी असते. पण ती आपण एकत्र वाचली, की कुणाच्या पोटात काय बिघडलंय यापेक्षा कुणाच्या घरात काय बिघडलंय ते जास्त दिसतं.

२. दवाखान्यात एकटीनं जाऊ नये. बरोबर मैत्रीण न्यावी आणि तिघीचौघींनी मिळून ठरवलेले प्रश्न विचारावेत. कोणता आजार असावा असं वाटतं? कोणती तपासणी करणार? हा पदार्थ किती आठवडे बंद? त्याच्या जागी काय? परत कधी सुरू करायचा?

३. वजन आपोआप घटत असेल, शौचावाटे रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून जुलाब होत असतील, गोळ्यांनी रक्त वाढत नसेल किंवा पन्नाशीनंतर प्रथमच पोट सतत फुगू लागलं असेल, तर घरगुती पथ्यावर दिवस काढू नयेत. या वयात सतत पोट फुगणं हे अंडाशयाच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. तपासणीचा आग्रह धरावा.

४. गिरणी. गहू दळल्यावर त्याच जात्यात ज्वारी घातली तर त्यात गव्हाचं पीठ येतं आणि सिलिअॅक असलेल्या बाईला तेवढंही बाधतं. जिथं बचत गटाची गिरणी आहे, तिथं आठवड्यातला एक दिवस गिरणी नीट साफ करून फक्त ज्वारी-बाजरी-तांदळासाठी ठेवावा. बाजारातल्या डबीच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. डबीवर काय लिहिलंय ते वाचायला गटात एकमेकींना शिकवावं.

५. रेशन दक्षता समितीत आणि ग्रामसभेत ठराव मांडावा, की भरडधान्य कायद्यात आहे तर ते दुकानातही हवं. निदान झालेल्या सिलिअॅक रुग्णाला गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ मिळालाच पाहिजे.

६. घरात. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, एवढा एकच नियम करून बघा. बाईनं शेवटी जेवायचं बंद झालं, की भाजी कुणाला पुरली आणि कुणाला नाही, ते सगळ्यांना ताटातच दिसतं. आणि बाई आजारी असेल तर तिचं पथ्याचं जेवण घरातल्या पुरुषानं रांधावं. भाकरी थापता येत नाही, हे कारण चालणार नाही. आम्हांलाही ती जन्मतः येत नव्हती.

आरोग्य शिबिरं आपण पुष्कळ घेतो. त्यांत पाळी येते, बाळंतपण येतं, पिशवी येते. पुढच्या शिबिरात पोट घ्यावं, अशी माझी विनंती आहे. सात दिवसांच्या ताटाच्या नोंदी गटांनी या अंकाच्या पत्त्यावर जरूर पाठवाव्यात, नावं न लिहिता पाठवल्या तरी चालतील. निदान पन्नास गटांच्या नोंदी जमल्या, तर त्या घेऊन जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांच्या आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात आपल्याला जाता येईल.